कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन: परीक्षकांसाठी की लोकांसाठी?

आल्तिनोची_पायवाट (धागाकर्ता)

गोव्यात चित्रे पाहायला जागा नाहीत, ही तक्रार आता टिकणारी नाही. फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंतकडे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रे आहेत, पणजीच्या आल्तिनो टेकडीवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला २०१५ पासून म्युझियम ऑफ गोवा आहे, आणि २०१६ साली सुरू झालेला सेरेंडिपिटी महोत्सव डिसेंबरात पणजीतल्या जुन्या इमारती माणसांनी भरून टाकतो. या यादीत सहसा कोणी न घेतलेली जागा म्हणजे कला महाविद्यालय. आल्तिनोवरचे गोवा कला महाविद्यालय १९७२ सालचे. लक्ष्मण पै यांनी १९७७ ते १९८७ या काळात तेथे प्राचार्यपद सांभाळले, म्हणजे पॅरिसमध्ये दहा वर्षे काम करून आलेला चित्रकार पणजीच्या टेकडीवर मुलांना शिकवीत होता. तरीही टेकडीखाली राहणाऱ्या, चित्रांची आवड असलेल्या माणसालाही विचारले की तुम्ही तिथले प्रदर्शन कधी पाहिले, तर बहुतेक वेळा उत्तर येते की आमच्या शेजारणीची मुलगी तिथे होती तेव्हा गेलो होतो.

प्रश्न एका संस्थेचा नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा, कोठेही कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन पाहिले की एक गोष्ट जाणवते: त्याची मांडणी मूल्यमापनाच्या सोयीने झालेली असते. वर्ग, विषय, वर्ष असे गठ्ठे तसेच भिंतीवर चढतात. परीक्षकाला तुलना करायची असते, त्यामुळे त्याला ते सोयीचे पडते. बाहेरच्या माणसाचे काय होते ते पाहा. तो स्थिरचित्रांच्या भिंतीपाशी येतो. तोच तांब्याचा हंडा, तेच निळे कापड, तीच दोन वांगी, आणि अशी पंचवीस-तीस चित्रे ओळीने लावलेली. त्याला वाटते, मुलांनी एकमेकांचे पाहून काढले. वस्तू मध्यभागी मांडल्या होत्या, मुले भोवती गोलात बसली होती, म्हणून कोणाच्या हंड्यावर खिडकीचा उजेड आहे आणि कोणाचा हंडा पूर्ण सावलीत गेला आहे, हे त्याला सांगणारे तिथे कोणी नसते. ते कळले असते तर त्या कंटाळवाण्या भिंतीपाशी तो सर्वांत जास्त वेळ थांबला असता, कारण एकाच वस्तूकडे तीस जणांनी पाहिलेले एकत्र दिसण्याची संधी कोणतीही गॅलरी देत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की कला महाविद्यालयाने लोकांना बोलवायचे असेल तर पूर्ण झालेल्या कामापेक्षा होत असलेले काम दाखवावे. वर्षातून एखादा आठवडा कार्यशाळा उघड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक दालनात बोलणारा विद्यार्थी असावा. चवथीच्या आधी आपण चित्रशाळेत जातो, तेव्हा अर्धवट रंगवलेल्या मूर्तीसमोर उभे राहून डोळे कधी काढणार, यंदा पीतांबर कोणत्या रंगाचा, असे मोकळेपणाने विचारतो. तेथे आपल्याला कोणी कलारसिक म्हणत नाही, म्हणूनच आपण बोलतो. तो मोकळेपणा महाविद्यालयाच्या दारातून आत गेल्यावर का नाहीसा होतो, यावर येथील जाणकारांचे मत हवे आहे.

निवृत्त_फळा

विषय चांगला काढला आहे. मी कला शिक्षणात आयुष्य घालवले असल्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

मूल्यमापनाची मांडणी म्हणजे काही गुन्हा नव्हे. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ सालचे, आणि तिथले वार्षिक प्रदर्शन पाहायला लोक दूरदूरून येतात ते त्या भिंतींवर वर्षभराचे काम सलग दिसते म्हणूनच. पहिल्या वर्षाची रेखाटने आणि शेवटच्या वर्षाचे काम शेजारीशेजारी असले तर मुलगा किती पुढे आला ते दिसते. हे परीक्षकाला दिसते तसेच पालकालाही दिसते. शिवाय प्रदर्शन लावणे हाच एक अभ्यास असतो. माउंट कापणे, फ्रेम समपातळीत टांगणे, कोणत्या चित्राशेजारी कोणते चित्र मरते ते ओळखणे, ही शिकवण वर्गात मिळत नाही. तो ताबा विद्यार्थ्यांकडून काढून घेऊन सगळे पाहुण्यांच्या सोयीने केले तर ते त्यांना आवडेल, पण विद्यार्थ्याचे नुकसान होईल.

कार्यशाळा उघड्या ठेवण्याबद्दल माझ्या मनात शंका आहे. मुद्राचित्रणाच्या, म्हणजे छापचित्रांच्या, खोलीत आम्ल असते, शिल्पकलेच्या आवारात छिन्न्या, तारा आणि प्लास्टर असते. गर्दी आत सोडली की कोणीतरी काहीतरी हाताळणारच. आणि काम चालू असताना पाठीमागे माणसे उभी असली की मुले काम करीत नाहीत, काम केल्यासारखे करतात.

माशेलची_माती

चित्रशाळेचे उदाहरण वाचायला गोड वाटते, पण ते जसेच्या तसे लागू होत नाही. आमच्या घरी नारळी पौर्णिमेच्या आधी कधीतरी पाट चित्रशाळेत पोहोचतो आणि त्यावर आमचे नाव लिहिलेले असते. त्या पाटावर बसणारा गणपती आमच्या घरचा असतो, म्हणून आम्ही पीतांबराचा रंग विचारतो आणि सोंड जरा जास्त वळली आहे असेही बजावतो. प्रेक्षकाचा तो अधिकार पाटाने आलेला आहे. कला महाविद्यालयात माझा कोणता पाट आहे? मी कोण, त्या मुलाला त्याचा निळा रंग का निळा आहे ते विचारणारा?

आल्तिनोची_पायवाट

तुमचा मुद्दा मी मनापासून मान्य करतो आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे असे मला वाटते. प्रेक्षकाला काहीतरी पाट मिळाला पाहिजे. शाळकरी मुलाने लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, चार रेषा कोरल्या, त्याची छाप यंत्रातून निघाली आणि ती तो घरी घेऊन गेला, तर भिंतीवरचे लिनोचे काम पाहण्याचा अधिकार त्याला मिळतो, कारण ते हत्यार किती आडमुठे आहे ते त्याला आता माहीत असते. व्यक्तिचित्राच्या प्रात्यक्षिकासाठी प्रेक्षकांतल्याच एखाद्या आजोबांना मॉडेल म्हणून बसवले, तर त्यांच्या घरचे सगळे तास-दीड तास जागचे हलणार नाहीत. आपल्याकडे प्रात्यक्षिकाची परंपरा चांगली आहे, ज्येष्ठ चित्रकार सर्वांसमोर कोऱ्या कॅनव्हासपासून सुरुवात करतात आणि लोक श्वास रोखून पाहतात. मात्र ती परंपरा उद्घाटनाच्या दिवशी एका पाहुण्यापुरती उरली आहे. ती रोजची व्हावी.

निवृत्त_फळा सर, धोक्याचा मुद्दा खरा आहे. आम्लाच्या खोलीत गर्दी नकोच. पण छाप काढण्याचे यंत्र असलेल्या खोलीत आम्लाची गरज नसते.

तिसरी_छाप

यंत्राचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी मुद्राचित्रण शिकलो आणि त्याच अनुभवावरून सांगतो की लोकांना दाखवायला याहून चांगले काम कला महाविद्यालयात दुसरे नाही. तैलचित्र होताना पाहणे बाहेरच्या माणसाला पाचव्या मिनिटाला कंटाळवाणे होते. कारण रंग हळूहळू चढतात आणि निकाल कधी लागणार ते कळत नाही. छापाला मात्र निकालाचा क्षण असतो.

उदाहरणार्थ एचिंग घ्या. जस्ताच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप देऊन त्यावर सुईने रेषा काढलेल्या असतात, सुईने लेप जेथे गेला तेथेच आम्लाने पत्रा खाल्लेला असतो. हा भाग आधी करून ठेवायचा आणि पाहुण्यांना फक्त पत्रा हातात द्यायचा. त्यावरून बोट फिरवले की खाचा लागतात. मग पत्र्यावर शाई फासायची, सगळा पत्रा काळा करून टाकायचा. येथे लोक हळहळतात, इतके नाजूक काम बुजवले म्हणून. त्यानंतर जाळीदार कापडाने वरची शाई गोल गोल पुसत जायचे. पृष्ठभाग चकचकीत होतो आणि शाई फक्त खाचांत उरते. आधीच भिजवून, टिपकागदात दाबून ओलसर ठेवलेला कागद त्यावर ठेवायचा, वर लोकरीचा नमदा घालायचा आणि यंत्राचे चाक फिरवायचे. चाक फिरवायला नेहमी पाहुण्यालाच बोलवावे, ते जड असते आणि त्या जडपणामुळेच दाब म्हणजे काय ते अंगाला कळते. शेवटी कागदाची दोन टोके धरून तो सावकाश उचलायचा. त्या वेळी खोलीत जी कुजबुज होते ती मी कोणत्याही उद्घाटनात ऐकलेली नाही. आणि पत्र्यावर कोणी नाव सरळ लिहिले असेल तर कागदावर ते उलटे येते. तेवढ्यावरून मुले पुढचा तासभर आरशातली अक्षरे लिहीत बसतात.

दुसरा फायदा विक्रीच्या वेळी दिसतो. छापाखाली पेन्सिलने ३/१० असे लिहिलेले असते तेव्हा लोक विचारतात की ही मूळ प्रत की झेरॉक्स. एकाच पत्र्यावरून दहा छाप काढायचे ठरले आहे आणि हा त्यांतला तिसरा, दहाही मूळच आहेत, प्रत्येक वेळी शाई नव्याने फासली व पुसली जाते, हे यंत्र पाहिलेल्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येते. न पाहिलेल्याला अर्धा तास समजावले तरी त्याच्या चेहऱ्यावरचा संशय जात नाही.

निवृत्त_फळा

तिसरी_छाप यांचे वर्णन वाचून माझा निम्मा विरोध मावळला. उरलेला निम्मा अजून शाबूत आहे, तो शिल्पकलेच्या आवाराबद्दलचा.

खाली_पणजीत

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, हे मला समजत नाही. लोक वर येत नसतील तर प्रदर्शन खाली आणावे. पणजीतल्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेले निळ्या फरशांचे भव्य चित्र आहे. पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यात आहेत आणि आल्यागेल्याचे पाय तेथे थबकतात. त्यांच्यापैकी कोणी चित्रे पाहायला म्हणून घरून निघालेला नसतो. जे वाटेत असते ते लोक पाहतात. बाजाराजवळ, मांडवीच्या काठाला, बसस्थानकाच्या आसपास कामे लावा, आपोआप पाहिली जातील.

आल्तिनोची_पायवाट

तयार चित्रे खाली आणता येतील आणि अधूनमधून आणावीतही. छापयंत्र, कुंभाराचे चाक आणि भट्टी खाली येणार नाही. शिवाय वाटेत दिसलेले चित्र आणि मुद्दाम जाऊन पाहिलेले चित्र यांत फरक पडतो. कोलासोंच्या फरशा इतकी वर्षे वाटेत आहेत, पण त्या फरशांवर चित्र कसे टिकते, रंग आधी की भाजणे आधी, हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

सत्तरीचे_मास्तर

मी ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. चर्चा फार वरच्या पातळीवर गेली आहे, म्हणून जमिनीवरच्या दोन गोष्टी सांगतो.

आमच्या वर्गात दर वर्षी दोन-तीन मुले अशी निघतात की ज्यांच्या हातात रेषा आहे. पालकांना वाटते की चित्रकला म्हणजे गणपती रंगवणे नाहीतर दुकानाचे फलक. त्यात कमीपणा नाही, पण चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो, त्यात उपयोजित कला नावाची शाखा असते, जाहिरात, पुस्तकांची मांडणी, अॅनिमेशन, वस्तूंची वेष्टने ही सगळी कामे त्या वाटेने जातात, हे मी सांगून पटत नाही. मुलाच्या बापाने स्वतः जाऊन पाहिले पाहिजे. आणि तो पाहायला गेला तर प्रदर्शन सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच. तो तर त्या वेळी खाणीवर, कारखान्यात किंवा काजूच्या बागेत असतो. शनिवार-रविवार उघडे ठेवले आणि संध्याकाळी आठपर्यंत दिवे चालू ठेवले, तर उद्घाटनाला मंत्री नसला तरी चालेल.

दुसरी गोष्ट. एका कला महाविद्यालयात, नाव घेत नाही, मी मुलांना घेऊन गेलो तेव्हा दालनात एकही विद्यार्थी नव्हता, दाराशी एक कर्मचारी होता आणि त्याने मुलांना भिंतीपासून लांब राहा एवढेच सांगितले. मुले लांब राहिली. दहा मिनिटांत दालन संपले. परतीच्या बसमध्ये एका मुलीने विचारले, सर, ही चित्रे त्यांनी कधी काढली आणि किती वेळ लागला? हा प्रश्न तिने तेथे विचारायला हवा होता आणि उत्तर द्यायला कोणीतरी तेथे हवे होते.

रेखाटनवही_२

मी सध्या शिकते आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून लिहिते. मास्तर, त्या दालनात विद्यार्थी का नव्हता ते मला अंदाजाने सांगता येईल. प्रदर्शन लागते तेव्हा आमची रात्रपाळी संपलेली असते. सबमिशन, माउंटिंग, भिंत रंगवणे, पाट्या चिकटवणे, हे सगळे आम्हीच करतो आणि उद्घाटनानंतर बहुतेक जण घरी जाऊन झोपतात. जो तेथे उरतो त्याला स्वतःच्या कामाबद्दल बोलायची सवय नसते. वर्गात आम्हाला बोलायला शिकवतात ते परीक्षकासमोर, संकल्पना, रचना, अवकाश अशा शब्दांत. तेच शब्द कोणा काकूंसमोर वापरले की त्या हसून पुढे जातात.

मला स्वतःला बोलायला आवडते. एका प्रदर्शनात मी माझ्या चित्राशेजारी त्याची रद्द केलेली सात-आठ कच्ची रेखाटने टाचली होती, शिक्षकांना विचारून. लोक चित्रासमोर जितके थांबले त्यापेक्षा अधिक त्या कच्च्या रेखाटनांपाशी थांबले. एका बाईंनी तर सांगितले की चौथे रेखाटन अंतिम चित्रापेक्षा चांगले होते. मला राग आला, पण त्या बरोबर होत्या असे माझे शिक्षकही नंतर म्हणाले.

म्हणून माझी विनंती एवढीच की पाहुण्यांशी बोलण्याचे काम स्वयंसेवा म्हणून आमच्यावर टाकू नये. ते वेळापत्रकात असावे, त्याची हजेरी लागावी, आणि आधी एखादा दिवस आम्हाला त्याचा सराव द्यावा.

निवृत्त_फळा

बाय, तुझ्या या प्रतिसादाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रंगकलेच्या विद्यार्थ्याला पुढे गॅलरीशी, ग्राहकाशी, शाळेतल्या मुलांशी बोलावेच लागते. तो अभ्यासक्रमाचाच भाग धरला पाहिजे.

कॉर्कचा_तुकडा

मी संग्रहालयाच्या कामाशी संबंधित आहे. मांडणीविषयी काही गोष्टी लिहितो, कारण पाहुण्याचा अनुभव अखेर भिंतीवर ठरतो.

चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर असला की उभ्या माणसाच्या नजरेला तो सोयीचा पडतो. महाविद्यालयांत जागा कमी आणि कामे जास्त असल्यामुळे तीन-तीन ओळी लावतात, वरची ओळ मग फक्त पालींसाठी उरते. त्यापेक्षा निम्मी कामे लावावीत आणि बाकीची टेबलावर फोल्डरमध्ये ठेवावीत. लोकांना फोल्डर उलटायला फार आवडते. शाळेची मुले येणार असतील तर एका भिंतीवरची कामे मुद्दाम खाली, सुमारे ११० सेंटिमीटरवर लावावीत. मोठ्यांना वाकावे लागले तर लागू दे.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. पावसाळ्यात गोव्यातल्या जांभ्या दगडाच्या भिंती ओल धरतात आणि फ्रेम भिंतीला चिकटून असली की मागच्या बाजूने बुरशी चढते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून कॉर्कचे लहान तुकडे चिकटवले की फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून हवा खेळते. हा चार आण्यांचा उपाय आहे आणि तो शंभरांतल्या पाच ठिकाणीही दिसत नाही. संग्रहालयात कागदावरील कामांसाठी प्रकाश ५० लक्सच्या आसपास, म्हणजे मंदच, ठेवतात. आठवड्याच्या प्रदर्शनात लक्स मोजत बसण्याचे कारण नाही, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर जलरंग लावू नयेत, एवढे तरी पाळावे.

दुहेरी चिकटपट्टी मात्र पूर्ण बंद करावी. एका ठिकाणी प्रदर्शन उतरवताना कोळशाच्या उत्तम रेखाटनाचा कोपरा त्या पट्टीसकट निघालेला मी पाहिला आहे. माउंटबोर्डावर कागदाच्या बिजागऱ्या करून लावायला जेमतेम पाच मिनिटे अधिक लागतात.

चित्राखालच्या पट्टीवर नाव, वर्ष, माध्यम आणि माप असते. माप लिहिताना उंची आधी आणि रुंदी नंतर असा रिवाज आहे. मी त्यात एक ओळ वाढवीन: हे काम कोणत्या अभ्यासासाठी केले. धागाकर्त्यांच्या हंड्याच्या भिंतीचा प्रश्न त्या एका ओळीने सुटतो.

माशेलची_माती

पट्ट्या मराठी आणि कोकणी दोन्हींत असाव्यात, इंग्रजी असतेच. आणि त्या गुडघ्याच्या उंचीवर लावू नयेत, माझ्या वयाच्या माणसांना पाठीचे दुखणे असते.

कावीचे काम दाखवायचे कोणाच्या मनात आले का? चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, ही आपल्या कोकणपट्टीची रीत. देवळांच्या आणि जुन्या घरांच्या भिंतींवर ती उरली आहे तेवढीच. एखाद्या फळ्यावर चुन्याचा थर तयार ठेवला तर पाहुण्याला स्वतः खरवडता येईल. यात आम्लही नाही आणि छिन्नीही नाही, निवृत्त_फळा सरांची हरकत नसावी.

निवृत्त_फळा

हरकत नाही. फक्त चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून मोठे माणूस शेजारी हवे. थर आदल्या दिवशी देऊन चालत नाही, तो ओला असतानाच खरवडायचा असतो, म्हणजे सकाळी एक तुकडी आणि दुपारी एक तुकडी असे फळे तयार करत राहावे लागेल. ते विद्यार्थी आनंदाने करतील.

मळ्यातली_आई

माझी मुलगी उपयोजित कलेत आहे. दोन अडचणी विचारते.

पहिली, प्रदर्शनात कोणीही उठून प्रत्येक कामाचा फोटो काढतो. मुलीने केलेले बोधचिन्ह काही महिन्यांनी एका दुकानाच्या पाटीवर जवळजवळ तसेच दिसले. दुसरी, एका गृहस्थांना तिचे चित्र विकत हवे होते, ते किमतीसाठी तिच्याकडे पाहात राहिले आणि ती शिक्षकांकडे. शेवटी ते गेले.

तिसरी_छाप

फोटो पूर्ण थांबवता येणार नाहीत आणि थांबवूही नयेत, लोक तेच फोटो घरच्यांना दाखवतात आणि त्यातून आणखी माणसे येतात. बोधचिन्हासारख्या कामांच्या दालनात मात्र फोटोबंदीची पाटी लावणे योग्य, आणि मुलीने मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवावी.

किमतीचे म्हणाल तर प्रदर्शन उघडण्यापूर्वीच यादी झाली पाहिजे. विकायचे नसेल तर तसे पट्टीवर लिहावे, विकायचे असेल तर किंमत, आणि महाविद्यालय काही हिस्सा घेणार असेल तर तो आधी लेखी ठरलेला असावा. शांतिनिकेतनच्या कलाभवनात चित्रकार नंदलाल बोस यांच्या ३ डिसेंबरच्या जन्मदिनाच्या आधीचे दोन दिवस नंदन मेळा भरतो. तेथे विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही वस्तू करतात, मातीची भांडी, छाप, दिनदर्शिका, दागिने, आणि विक्रीचे पैसे विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातात. बडोद्याच्या ललितकला शाखेचा मेळाही असाच, खेळणी आणि बाहुल्यांनी गाजलेला. दोन्ही ठिकाणी गावातले लोक येतात ते खिशाला परवडणारे काहीतरी हातात घेऊन परतता येते म्हणून. मोठे तैलचित्र फार थोडे जण घेतील, पोस्टकार्डाएवढा लिनोचा छाप मात्र कोणीही घेईल.

खाली_पणजीत

हे पटले. वर येण्याला निदान कारण तरी मिळेल. मात्र तारीख इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि सेरेंडिपिटी यांच्या तोंडावर धरू नका, त्या दिवसांत पणजीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि आल्तिनोच्या वळणांवर तर मुळीच नाही.

कॉर्कचा_तुकडा

जून ते सप्टेंबरही नको, कारण मी वर सांगितलेच आहे.

अभिप्राय वहीबद्दल जाताजाता. 'अप्रतिम', 'खूप छान', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' यांनी भरलेल्या वह्यांचा काहीएक उपयोग होत नाही. वहीच्या प्रत्येक पानाच्या वर एकच प्रश्न छापावा: कोणत्या कामापाशी सर्वांत जास्त थांबलात? एवढ्याने वर्षाच्या शेवटी शिक्षकांच्या हाती काहीतरी लागेल.

आल्तिनोची_पायवाट

इतक्या सूचना आल्यावर माझा मूळ आग्रह थोडा बदलतो. मूल्यमापनाचे प्रदर्शन आहे तसेच राहू दे, त्यात फक्त अभ्यासाची एक ओळ आणि कच्च्या रेखाटनांची जागा वाढवावी. कार्यशाळांचा आठवडा त्यापासून निराळा असावा, परीक्षा संपून निदान पंधरवडा गेल्यावर, म्हणजे रेखाटनवही_२ यांच्यासारखी मुले झोप घेऊन आलेली असतील. रोज दोन प्रात्यक्षिके, एक छापयंत्राचे आणि एक व्यक्तिचित्राचे किंवा मातीकामाचे. कावीचे फळे शनिवार-रविवारी. विवस्त्र मॉडेलवरून केलेल्या अभ्यासचित्रांचे दालन वेगळे आणि त्याच्या दाराशी तशी सूचना, म्हणजे शाळांची अडचण होणार नाही आणि कामे लपवावीही लागणार नाहीत. संस्थेला पत्र द्यायचे झाल्यास मसुदा मी करतो, निवृत्त_फळा सरांनी त्यावरून हात फिरवावा. सरकारी पत्राची भाषा त्यांना जमते तशी मला जमणार नाही.

निवृत्त_फळा

पाठवा. सुरक्षेचा परिच्छेद मी स्वतः लिहीन, आणि तो लांब असेल.

सत्तरीचे_मास्तर

पत्रात शाळांसाठी एक ओळ घाला: कोणत्या दिवशी किती मुले आणावीत ते आधी कळवावे. आमची बस वर न्यायची की मुलांना खाली उतरवून पायऱ्यांनी आणायचे, हेही लिहा. छापयंत्रापाशी एका वेळी किती मुले उभी राहू शकतात?

तिसरी_छाप

सगळ्यांना चाकाला हात लावू द्यायचा असेल तर एका वेळी दहा-बारा. तुकड्या पाडून आणा, एक यंत्रापाशी, एक कावीच्या फळ्यांपाशी, एक दालनात. आणि मास्तर, मुलांना शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यात आणू नका, एचिंगची शाई नुसत्या पाण्याने निघत नाही.